टेंभू-म्हैसाळचं पाणी आल्यावर दोन एकरवाल्याच्या आणि भूमिहीनाच्या घरात काय येतं?

येरळाकाठ

सांगलीचा पूर्व भाग (आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ, जत) आणि साताऱ्याचे माण-खटाव, म्हणजे आपला सगळा दुष्काळी पट्टा, गेल्या काही वर्षांत झपाट्यानं बदलतोय. कराड तालुक्यात टेंभूला कृष्णा अडवून पाणी टप्प्याटप्प्यानं उचलायचं, २२ टीएमसी पाण्यावर ८०,४७२ हेक्टर भिजवायचं, हे मूळ नियोजन. सोबत ताकारी आणि म्हैसाळ या अशाच उपसा योजना. जिथं चाऱ्याच्या छावण्या लागायच्या तिथं आता ऊस उभा दिसतो. तालुक्याची उलाढाल वाढली, यात वाद नाही.

माझा प्रश्न पुढचा आहे. ज्याच्याकडे दोन एकराच्या आत जमीन आहे किंवा जमीनच नाही, त्याच्या घरात या वाढीतलं काय पोचतं? पोचत नसेल तर गाव, पाणी वापर संस्था, बचत गट या पातळीवर नेमकं काय करता येतं? आकडे द्या, पद्धत द्या, कुठं फसतं ते सांगा. कोणत्या पक्षानं पाणी आणलं, ही चर्चा इथं नको.

चारी_उपचारी

आधी पाण्याचा हिशोब मांडू, बाकी सगळं त्यावर उभं आहे.

१ टीएमसी म्हणजे साधारण २ कोटी ८३ लाख घनमीटर. २२ टीएमसी म्हणजे ६२ कोटी ३० लाख. याला ८०,४७२ हेक्टरनं भागलं की हेक्टरी ७,७४० आणि एकरी ३,१३० घनमीटर येतात. हे नदीवर उचललेलं पाणी झालं. कालवा, चारी, उपचारी करत शेतात येईपर्यंत ३० टक्के गळती धरा (उघड्या मातीच्या चारीत याहून जास्त होते), एकरी २,१९० च्या आसपास उरतं. पाटानं एक पाळी द्यायची तर सरासरी ८ सेंटिमीटर पाणी बसतं, म्हणजे एकरी सुमारे ३२५ घनमीटर. थोडक्यात, एका एकराच्या वाट्याला वर्षात पावणेसात पाळ्या.

रब्बी ज्वारी दोन-तीन पाळ्यांत निघते, हरभरा दोनात. नंतर उन्हाळ्यात थोडं कडवळ किंवा भाजीपाला होतो. पाटपाण्याचा ऊस मात्र २५ ते ३० पाळ्या मागतो. म्हणजे एक एकर ऊस चार एकरांचा वाटा पितो. वरच्या अंगाला दहा एकर ऊस लागला की खालच्या तीस एकरांचं पाणी संपलं. टोकाच्या गावात पाणी पोचत नाही, त्यामागं पंप बंद असणं हे कारण दर वेळी नसतं. बऱ्याचदा कारण एवढंच असतं.

कडेगावकर

हिशोब बरोबर आहे, पण उसाची बाजूही समजून घ्या. छोटा शेतकरी ऊस का लावतो? दर आधी माहीत असतो, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवसांत एफआरपी (सरकारनं ठरवलेला किमान दर) देणं कारखान्याला बंधनकारक आहे, आणि कमी-जास्त लक्ष दिलं तरी पीक उभं राहतं. टोमॅटो रस्त्यावर ओतायची वेळ येते, ऊस कुणी ओतत नाही.

दुसरं, योजनेच्या विजेचं बिल. सरकार ८१ टक्के भरतं आणि लाभधारक १९ टक्के. त्या १९ टक्क्यांची वसुली सगळ्यात सोपी होते ती ऊसबिलातून, कारण कारखाना परस्पर कपात करतो. ज्वारीवाल्याकडून पाणीपट्टी गोळा करायला दारोदार जावं लागतं. थकबाकी वाढली की आवर्तन (कालव्याला पाणी सोडण्याची फेरी) लांबतं. ऊस गेला तर पंप चालवायचे कशावर, याचं उत्तर कुणीतरी द्यायला हवं.

चारी_उपचारी

@कडेगावकर, म्हणणं खरं आहे, म्हणून नुसतं 'ऊस लावू नका' म्हणून भागत नाही. पाणी मोजून द्या आणि पट्टी मोजलेल्या पाण्यावर घ्या. एकरावर पट्टी आकारली की जास्त पिणाऱ्याला जाच होत नाही.

२००५ चा कायदा (सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन) पाणी वापर संस्थेला घनमापन पद्धतीनं पाणी घ्यायचा हक्क देतो. संस्थेच्या तोंडाशी मोजमाप, आतली वाटणी संस्थेची. नमुना ७ चे मागणी अर्ज हंगामाच्या आधी गोळा करायचे, म्हणजे कुणाचं किती पीक उभं राहणार ते कळतं. मग शेजपाळीचा (ओळीनं कुणाला कधी पाणी याचा) तक्ता लावायचा, पाळी टोकाकडून वरच्या अंगाला. हा क्रम उलटा झाला की खालच्याचं पाणी वरच्यांची पिकं भिजेपर्यंत संपतं.

तक्ता असा बसतो. समजा विमोचकातून (चारीला पाणी सोडायच्या दारातून) सेकंदाला ३० लिटर येतात, म्हणजे तासाला १०८ घनमीटर. एकराला ३२५ लागतात, म्हणजे तीन तास. त्या विमोचकावर ४० एकर असतील तर १२० तास, पाच दिवस-रात्र. प्रत्येकाच्या नावापुढं वार आणि वेळ लिहून तक्ता चावडीवर लावा. रात्रीची पाळी दर आवर्तनात फिरती ठेवा, नाहीतर ती कायम बायाबापड्यांच्या आणि वयस्कांच्याच वाट्याला येते.

बंदिस्त नलिकेनं पाणी दिलं की गळती वाचते, पण नवी दुखणी येतात. वरचा कुणी पाळी नसताना व्हॉल्व्ह उघडतो आणि टोकाचा दाब एकदम पडतो. उंचवट्यावर हवा अडकते, तिथं एअर व्हॉल्व्ह नसला किंवा चोरीला गेला तर पाइप भरूनही पाणी पुढं सरकत नाही. पहिल्या आवर्तनाआधी प्रत्येक चेंबर उघडून गाळ काढणं आणि एअर व्हॉल्व्ह तपासणं, हे काम संस्थेनं स्वतः करावं, कुणाची वाट बघू नये.

कडेगावकर

आणि ठिबक? सगळे अधिकारी तेच सांगतात.

चारी_उपचारी

ठिबक हवंच, पण ते का फसतं ते आधी बघा. कालव्याचं पाणी आवर्तनानं येतं, दोन आवर्तनांत दीड-दोन महिन्यांची खोट पडते. ठिबकाला रोज किंवा एक दिवसाआड थोडं पाणी लागतं. मध्ये साठवण नसेल तर नळ्या कोरड्या पडून राहतात आणि उंदीर कुरतडतात. ज्याच्या विहिरीला पाझर आहे त्याचं जमतं. दोन एकरवाल्याकडे बहुधा विहीर नसते.

मग शेततळं. ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल, बाजूंना १:१ उतार, अशा तळ्यात सुमारे २,२०० घनमीटर पाणी बसतं. पण नुसती वरची तोंडाची जागा ९ गुंठे, बांध धरून १२. दोन एकर म्हणजे ८० गुंठे, त्यातले १२ तळ्याला देणं परवडत नाही. म्हणून पाच-सहा शेजाऱ्यांचं सामायिक तळं, ५०० मायक्रॉनचा कागद आणि पाण्याच्या हिश्श्याचा लेखी करार. करार तळं खोदायच्या आधी करा. पाणी साठल्यावर कुणी सही करत नाही.

ठिबकाचं अनुदान अल्प-अत्यल्प भूधारकाला ८० टक्के, इतरांना ७५ टक्के. महाडीबीटीवर (सरकारी योजनांच्या पोर्टलवर) अर्ज, पूर्वसंमती, मग खरेदी, मग मोका तपासणी, मग खात्यात पैसे. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल असेल तर प्रकरण बाद होतं, इथं खूप लोक अडकतात. आणि आधी पूर्ण रक्कम खिशातून घालावी लागते. गरिबाला अनुदान आहे, पण अनुदान येईपर्यंतचा पैसा नाही. विकास सोसायटीनं एवढ्या काळापुरतं कर्ज दिलं तर छोटे शेतकरी ठिबकाकडे येतील, नाहीतर ८० टक्क्यांचा लाभ मधलेच घेतात.

माणगंगा

भूमिहीनाचं अजून कुणी बोललं नाही. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटवला की ज्याला जमीन नाही त्याला पाणी नाही, आणि कालव्यानं जमिनीचा भाव चढवला की ती विकत घेण्याची उरलीसुरली आशाही गेली. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाई (सोनं-चांदी गाळण्याच्या) व्यवसायातली कुटुंबं देशभर आहेत. त्यांच्या पैशानं या भागाला दुष्काळात जगवलं, त्याबद्दल आदर आहे. पण तोच पैसा कालव्याकडेच्या जमिनीत उतरला की स्थानिक मजुराला दोन गुंठेही परवडत नाहीत.

समन्यायी वाटपाची मागणी आपल्याच भागातली आहे. पुरंदरला विलासराव साळुंखेंच्या पाणी पंचायतीनं माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं, भूमिहीनालाही वाटा आणि ऊस नाही, असे नियम पाळून दाखवले. इकडे येरळेवर तांदूळवाडी-बलवडीच्या लोकांनी बळीराजा धरण उभं केलं. नदीची वाळू विकून पैसा जमवला आणि पाणी भूमिहीनांसह सगळ्यांना सारखं, हे तत्त्व ठेवलं. नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्यासारख्यांनी आटपाडीच्या पाणी परिषदांतून हेच टेंभूसाठी लावून धरलं.

भूमिहीनाचा वाटा कागदावर मंजूर झाला तरी तो फिरवायला शेत लागतं. इथं अडचण कुळकायद्याच्या धास्तीची. १९४८ चा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन (कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं तो दिवस) गावात अजून विसरलेले नाहीत, म्हणून जमीनमालक लेखी खंडानं देत नाही. सगळं तोंडी. तोंडी असलं की पीककर्ज नाही, विमा नाही, नुकसानभरपाई मालकाच्या खात्यात. गटानं घेतलेल्या जमिनीला वकिलाकडून मसुदा करून घ्या, गावातल्या गावात शंभराच्या स्टॅम्पवर काहीतरी लिहू नका.

तासगाव_द्राक्ष

मजुरीच्या अंगानं बघा. कोणतं पीक गावात किती हातांना काम देतं, हे भूमिहीनासाठी पाण्याच्या वाट्याइतकंच महत्त्वाचं आहे. उसात काम लागवडीला आणि तोडीला, आणि तोडीला बाहेरची टोळी. द्राक्षात एप्रिलची खरड छाटणी, विरळणी, सबकेन, ऑक्टोबरची गोडी छाटणी, डिपिंग, थिनिंग, काढणी, असा कामांचा ओघ बारा महिने चालतो. त्यापुढं बेदाणा.

बेदाण्याचं काम नीट मांडतो, कारण कमाई टिकते ती इथं. माल २२ ब्रिक्सच्या (गोडीचं माप) वर गेल्यावर तोडायचा. एक लिटर पाण्याला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल, त्यात घड दोन ते चार मिनिटं बुडवायचे आणि शेडमधल्या जाळ्यांवर पातळ पसरायचे. पंधरा ते अठरा दिवसांत ओलावा १५ टक्क्यांच्या आसपास येतो. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. मग देठ काढणं, चाळणं, धुणं, प्रतवारी, १५ किलोचा बॉक्स, शीतगृह, आणि तासगाव किंवा सांगलीचे सौदे.

फसतं कुठं? कच्चा माल तोडला की बेदाणा वजनाला हलका आणि रंगाला फिका पडतो. जाड थर पसरला की खालचा काळा होतो. मार्चअखेरच्या अवकाळीत शेडच्या बाजूचा कागद वेळेत सोडला नाही तर सगळा माल दुय्यम. ओला बेदाणा घाईनं भरला तर शीतगृहातून गोळे निघतात.

निवडणीचं काम बायका करतात, फेब्रुवारी ते मे. मुकादमामार्फत रोजंदारीवर गेलं तर हजेरीतला काही भाग मुकादमाकडे राहतो. दहा-बारा जणींच्या गटानं शेडमालकाशी किलोवर दर ठरवून लेखी काम घेतलं, स्वतःचा वजनकाटा आणि नोंदवही ठेवली, तर तीच मेहनत जास्त पैसा देते. दर ठरवताना प्रतवारी किती प्रकारांत करायची ते आधी लिहून घ्या. हिरवा-पिवळा-काळा असे तीन भाग आणि आकारासकट सहा भाग, यात वेळ दुप्पट लागतो आणि सगळी भांडणं यावरच होतात.

बचतगट_ताई

भूमिहीन बाईच्या घरातला सगळ्यात मोठा खर्च बघितलात तर तो व्याज असतो. म्हणून हे सविस्तर लिहिते.

खासगी मायक्रोफायनान्सवाले '१२ टक्के' म्हणून सांगतात तेव्हा तो सपाट दर आहे का ते आधी विचारा. ४०,००० रुपये, दोन वर्षं, सपाट १२ टक्के. व्याज ९,६००, एकूण ४९,६००, महिन्याचा हप्ता २,०६७. मुद्दल दर महिन्याला कमी होत असतं, पण व्याज पूर्ण चाळीस हजारावर लागतं. शिल्लक मुद्दलावर मोजलं तर महिना १.८ टक्के, वर्षाला साडेएकवीसच्या वर. त्यात प्रक्रिया शुल्क आणि विमा आधीच कापला असेल तर आणखी जास्त. हातात किती पडले आणि एकूण किती फेडायचे, हे दोन आकडे कागदावर मागा.

उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) गटातून बँकेचं कर्ज ३ लाखांपर्यंत ७ टक्क्यांनी मिळतं. गटानं सदस्याला महिना १ टक्क्यानं दिलं तरी फरक गटाच्याच पेटीत राहतो. त्यासाठी पंचसूत्री पाळावी लागते: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब. बँक सहा महिन्यांची वही बघते. बहुतेक गट पाचव्या सूत्रावर पडतात. लिहिणारी एकच असते, ती लग्न होऊन गेली की वही बंद. दोन जणींना लिहायला शिकवा आणि दर तिमाहीला आलटून पालटून लिहायला लावा.

म्हसवडच्या माणदेशी महिला सहकारी बँकेचा इतिहास इथं उपयोगी आहे. सुरुवातीला बायका सही करू शकत नाहीत, अंगठे लावतात, म्हणून परवान्याचा अर्ज नाकारला गेला. त्या लिहायला शिकल्या आणि १९९७ मध्ये बँक उभी राहिली. बाजारात बसणाऱ्या बाईची कमाई रोजची, म्हणून तिच्या दारात जाऊन रोजची वसुली. हप्ता कमाईच्या चालीनं बांधायचा, हे त्यातून घ्यावं.

हाच मुद्दा ऊसतोडीच्या उचलीला (मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशाला) लागू आहे. जत-आटपाडीकडून कोयत्यावर जाणारी जोडपी दिवाळीआधी उचल घेतात, कारण तेव्हा घरात पैसा नसतो. २०२४ च्या सुरुवातीला तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. पण उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामालाही त्याच मुकादमाकडे जावं लागतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गटातून दहा-पंधरा हजार मिळाले तर निदान उचलीचा आकडा लहान राहतो. आपल्याजवळ वेगळी वही ठेवा: उचल किती, टन किती, कपात किती. स्लिपा जपून ठेवा.

येरळाकाठ

ताई, मग गटाचं कर्ज घेऊन भूमिहीन बाईनं घालायचं कशात? शेळीशिवाय दुसरं नाव ऐकू येत नाही, आणि शेळीवाटपाच्या योजनांत निम्म्या शेळ्या मरतात असंही ऐकतो.

माडग्याळ

मरतात, आणि कारणं ठरलेली आहेत. वाटपात दूरच्या बाजारातून, उन्हातान्हात ट्रकनं, लस न दिलेल्या शेळ्या आणतात. वेगळं न ठेवता कळपात सोडतात. पंधरा दिवसांत पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) किंवा निमोनिया पसरतो. स्थानिक बाजारातून घ्या, दोन आठवडे वेगळं बांधा, जंत पाडा, लस द्या, मग कळपात सोडा. जातिवंत जनावर बघायचं असेल तर मेंढी-शेळी महामंडळाचं प्रक्षेत्र कवठेमहांकाळ तालुक्यात रांजणीला आहे, साताऱ्याकडच्यांना दहिवडी जवळ. मेंढीत आपली जतची माडग्याळ चांगलं वजन घेते, पण जुळं क्वचित देते. भूमिहीनाला उस्मानाबादी शेळी बरी.

हिशोब पाच शेळ्यांचा. गाभणकाळ १५० दिवस, नीट सांभाळलं तर चौदा महिन्यांत दोन वेतं. वेताला सरासरी दीड करडू धरा (जुळी बरीच होतात, पण हिशोब कमीचाच करावा), एकूण १५. वीस टक्के मर धरली तर १२ राहतात. सहा महिन्यांचं १६ किलोचं करडू आणि जिवंत वजनाला किलोमागं ३५० रुपये धरले तर ६७,२००. मर चाळीस टक्के झाली तर ९ करडं, ५०,४००. म्हणजे १६,८०० रुपयांचा फरक नुसत्या मरतुकीचा. हा दर मी हिशोबासाठी घेतलाय, तुमच्या बाजारातला घालून बघा. पाठी (मादी करडं) ठेवायच्या असतील तर तेवढी विक्री कमी होते.

मरतूक कमी करायला फार खर्च नाही. करडू जन्मल्यावर अर्ध्या-एका तासात चीक, आणि दिवसभरात त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका. दोन किलोच्या करडाला २०० मिली, चार-पाच वेळा मिळून. नाळेला आयोडीन. खाली कोरडं, वाऱ्याला आडोसा. आंत्रविषाराची लस पावसाआधी, मेअखेर-जूनात, पहिल्यांदा देत असाल तर पंधरा दिवसांनी पुन्हा. पीपीआर तीन-चार महिन्यांच्या वरच्या करडांना.

पण बाई लस देत नाही त्याचं कारण आळस नाही. पीपीआरची कुपी ५० किंवा १०० मात्रांची येते. एकदा विरघळवली की दोन तासांत संपवावी लागते, आणि तोवर बर्फात ठेवावी लागते. पाच शेळ्यांसाठी कोण कुपी फोडणार? म्हणून गावाचा लसीकरणाचा दिवस ठरवायचा. गटानं घरोघरची यादी करायची, दवाखान्याशी तारीख घ्यायची, सकाळी उन्हाआधी शेळ्या एका जागी. एवढं एक काम ग्रामसंघानं (गावातल्या गटांच्या संघानं) वर्षातून दोनदा केलं तरी वाटपाच्या अनुदानाइतका फायदा आहे.

चारा: मोठ्या शेळीला रोज तीन-चार किलो हिरवा, किलोभर वाळका, २०० ग्रॅम भरडा. बांधावर शेवरी, हादगा, सुबाभूळ. सुबाभूळ चाऱ्याच्या एक तृतीयांशाहून जास्त नको, त्यातल्या मायमोसिननं केस गळतात, गाभ टिकत नाही. उसाच्या भागात वाडं (उसाचे हिरवे शेंडे) फुकट मिळतं म्हणून नुसतं वाडं टाकतात. त्यातलं ऑक्झलेट अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं आणि जनावर खंगतं. वाड्यासोबत चुन्याची निवळी आणि दुसरा पाला द्या.

@बचतगट_ताई, हप्त्याचं तुम्ही म्हणालात ते इथं नेमकं लागू पडतं. रिकामी शेळी घेतली तर पहिला पैसा यायला पाच महिने गाभणकाळ आणि सहा महिने वाढ, म्हणजे किमान अकरा महिने. आठवड्याचा हप्ता पुढच्याच आठवड्यापासून सुरू. बाई तो मजुरीतून भरते आणि चौथ्या महिन्यात शेळीच विकते. दोन महिन्यांची गाभण शेळी घ्यावी आणि कर्जाला नऊ-दहा महिने फक्त व्याज ठेवावं.

विमा उतरवलात तर कानातला बिल्ला जपा. बिल्ला पडल्याची नोंद वेळेत केली नाही तर दावा बसत नाही.

बोरबाभूळ

लाभक्षेत्राबाहेरच्या गावांचं काय? माणमध्ये कित्येक वाड्या कालव्याच्या वर आहेत, तिथं गुरुत्वानं पाणी जाणारच नाही.

माणगंगा

तिथं पाणलोट. २०१६ ला कोरेगाव तालुक्यातलं वेळू, २०१८ ला माणमधली टाकेवाडी पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत पहिली आली, तेव्हा श्रमदानाची ताकद सगळ्यांनी बघितली. पण चर खोदल्यानंतरचा हिशोब फार थोडी गावं करतात.

हजार हेक्टरचं गाव, पाऊस ४५० मिमी. एक हेक्टरवर एक मिमी म्हणजे दहा घनमीटर, एकूण ४५ लाख घनमीटर. आपल्या काळ्या कातळात त्यातलं दहा टक्के मुरतं असं धरा, साडेचार लाख. पाटपाण्याचा एक एकर ऊस साधारण ८,७०० घनमीटर पितो. म्हणजे पन्नास-बावन्न एकर उसात अख्ख्या गावाचं मुरलेलं पाणी संपलं. पाणलोटाच्या कामानं मुरणं दुप्पट झालं तरी शंभर एकर. म्हणून दसऱ्याच्या सुमारास विहिरींची पातळी मोजून ग्रामसभेत रब्बीचं पीक ठरवणं, हे चर खोदण्याइतकंच गरजेचं. नाहीतर पाणी मुरवतात सगळे, आणि उपसतो खोल बोअरवाला. भूजल कायद्यात अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरच्या खाली जायला बंदी आहे, पण रात्री बोअरची गाडी लागली की कोण अडवतो? ग्रामसभेचा ठराव आणि शेजाऱ्यांचा विरोध असेल तरच थांबतं.

बोरबाभूळ

आणि रोजगार हमीच्या कामांचा यात काही उपयोग? की नुसते खड्डे?

माणगंगा

उपयोग मोठा झालेला आहे, आणि ती योजना आपल्याच जिल्ह्यातून निघाली. वि. स. पागे यांनी पहिला प्रयोग तासगाव तालुक्यात विसापूरला केला. १९७७ ला राज्याचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. दुष्काळात मजुरी मिळाली, माणसं जगली. पण गरिबी खऱ्या अर्थानं हलली ती १९९० नंतर, फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली तेव्हा. खड्डे, लागवड, संगोपन यांची मजुरी छोट्या शेतकऱ्याला स्वतःच्याच रानात मिळाली आणि मागं बाग उरली. आटपाडी-सांगोल्याची डाळिंबं आणि बोरं तिथून वाढली. मजुरी संपल्यावर हातात काय उरतं, ही कसोटी कोणत्याही कामाला लावा.

तेलकट डागानं (डाळिंबावरच्या रोगानं) पुढं त्याच बागा बसवल्या. एका पिकावर अख्खा तालुका गेला की रोगही तालुकाभर जातो. छाटणीनंतर कात्री निर्जंतुक करणं, रोगट फांद्या बागेबाहेर जाळणं, १ टक्का बोर्डो (शंभर लिटरला एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र), आणि बागेला पुरती विश्रांती. बाजाराच्या मागं लागून वर्षाला दुसरा बहार धरला की झाड थकतं आणि डाग पुन्हा उठतो.

येरळाकाठ

ग्रामसभेसाठी मी एवढे विषय काढून ठेवलेत: शेजपाळीचा तक्ता, सामायिक तळ्याचा करार, दसऱ्याची विहीर-मोजणी, लसीकरणाचे दोन दिवस, गटाच्या दोन लेखनिक. तळ्याच्या करारात हिस्सा जमिनीवर ठरवायचा की घरावर, यावर गावात वाद होणार. मत काय?

चारी_उपचारी

खोदाईला पैसा कुणाचा लागला त्यावर निम्मा हिस्सा, आणि निम्मा घरटी समान. पूर्ण घरटी म्हटलं तर जमीनवाले पैसा घालत नाहीत. पूर्ण जमिनीवर म्हटलं तर भूमिहीन बाहेर. भूमिहीनाच्या वाट्याचं पाणी चाऱ्याच्या प्लॉटला द्या, माडग्याळ म्हणतात ती शेवरी-हादग्याची लागवड तिथंच होईल. दहा गुंठे पुरतात.

बचतगट_ताई

एक विचारायचं राहिलं. व्यापारी दारात येऊन नजरेनंच बोकडाचं वजन सांगतो. गावात काटा नाही. काय करायचं?

माडग्याळ

शिवणकामाची टेप चालते. पुढच्या पायांच्या लगेच मागं छातीचा घेर इंचात, आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, उत्तर किलोत. घेर २६, लांबी २४ असेल तर साडेचोवीस किलो. सकाळी चारायच्या आधी मोजा, जनावर चारी पायांवर सरळ उभं हवं, टेप ना सैल ना आवळलेली. घेरात इंचाची चूक झाली तर दोन किलो इकडंतिकडं होतात, म्हणून तीनदा मोजून मधला आकडा घ्या. गाभण शेळीला हे सूत्र लावू नका.